छत्तीस हजार विड्या

हिंगणीच्या शाळेत मी एकोणीस वर्षं शिकवलं आणि त्यातली अकरा वर्षं गावाचं पोस्टही सांभाळलं. पोस्ट म्हणजे माझ्या घराची पडवी. एक टेबल, एक तराजू, एक ठप्पा आणि तिकिटांचा डबा. सेलूहून बंडूजी डाकेची थैली खांद्यावर टाकून पायी यायचा आणि दुपारी दोनला इथली थैली घेऊन परत निघायचा. या अकरा वर्षांत माझ्या हातून एकच गुन्हा झाला. तो मी साहेबाला सांगितला नाही, बायकोलाही सांगितला नाही. ज्या एका बाईला सांगायला गेलो, तिला तो आधीच ठाऊक होता. तिचं नाव तानाबाई.

तानाबाई विड्या वळायची. आमच्याकडे जंगल जवळ, तेंदूचं पान मुबलक, त्यामुळे तिच्या वस्तीत घरटी एक तरी बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली दिसे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार. संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस वाकड्या, सैल विड्या वेचून फेकून देई आणि उरलेल्यांची मजुरी देई. तानाबाईची विडी कधी फेकली गेली नाही. मी स्वतः रोज एक कट्टा संपवणारा माणूस, तेव्हा हे मी अधिकारानं सांगतो.

नवरा तापानं गेला तेव्हा तिचा मुलगा प्रेमदास चार वर्षांचा होता. तिनं त्याला विड्यांवर वाढवला आणि वर्ध्याच्या कॉलेजापर्यंत पोचवला. सत्तावन सालच्या जूनमध्ये तो दुसऱ्या वर्गात बी.ए. झाला. गावातला पहिला बी.ए. पाटलाच्या घरात झाला नाही, माझ्या घरात झाला नाही, तिच्या घरात झाला. पुष्कळांच्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू, थोडं माझ्याही दुखलं, कारण माझा धाकटा भाऊ मॅट्रिकला तिसऱ्यांदा आपटला होता. पण प्रेमदासला बाराखडी मी शिकवलेली, म्हणून दुखण्यापेक्षा फुशारकी जास्त होती.

त्याला नागपूरला अर्थशास्त्रात एम.ए. करायचं होतं. अर्ज भरून तो वर्तणुकीच्या दाखल्यासाठी माझ्याकडे आला. सोबत आई. दोघं पडवीत बसली. पूर्वी तानाबाई खाली अंगणात उभी राहायची आणि पत्र वरून तिच्या पदरात पडायचं. माझ्या घरची ती रीत होती आणि शाळेत समतेचे धडे शिकवणाऱ्या या गुरुजीनं ती मोडली नव्हती. छप्पनच्या दसऱ्याला तिच्या वस्तीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. तानाबाई पांढरं लुगडं नेसून दोन दिवस पायी चालत गेली होती. परतल्यावर पहिल्यांदा पोस्टात आली ती दोन पायऱ्या चढून सरळ पडवीत बसली. आत माझी आई, देवकाबाई, बराच वेळ भांडी आपटत होती. मी कार्ड दिलं ते हातात दिलं. एवढंच माझं शौर्य.

खर्चाचं गणित त्याच पडवीत झालं. प्रेमदास नागपूरला विचारून आला होता. खानावळ चोवीस रुपये, खोलीचा वाटा सहा, फी अकरा, दिवाबत्ती-कागद-साबण मिळून चार. महिन्याचे पंचेचाळीस. एप्रिलपासून नवे पैसे सुरू झाले होते आणि आण्याचे नवे पैसे करताना ठेकेदार काय, दुकानदार काय, सगळे आपल्याच पोळीवर तूप ओढायचे.

"मले आनेबी समजत नाई अन् नवे पैसेबी नाई," तानाबाई म्हणाली. "मले हजार समजते. बिड्या किती ते सांगा."

हजाराला सव्वा रुपया मजुरी. मी पाटीवर भागाकार केला. "छत्तीस हजार."

"त्यात खानावळ किती?"

"एकोणीस हजार दोनशे."

तिनं मुलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "येवढं खाते हा?"

प्रेमदास हसला. ती हसली नाही. बोटं मोडत म्हणाली, "रोजच्या हजार, महिन्याच्या सव्वीस हजार. त्यातल्या आठ हजार माह्या पोटाले. राह्यल्या अठरा. म्हंजे अर्धं पोरगं जाते नागपूरले."

उरलेलं अर्धं पोरगं पोचवायला सरकारची शिष्यवृत्ती होती. महिन्याला तीस रुपये, तानाबाईच्या भाषेत चोवीस हजार. मी अर्ज उलटून पाहिला. जातीच्या रकान्यात प्रेमदासनं ठळक अक्षरात लिहिलं होतं, बौद्ध.

"अरे, इथं जुनं लिव," मी म्हणालो. "सवलत जुन्या नावावर हाय. बौद्ध लिवलं का गेली."

"ते नाव आमी सोडलं, गुरुजी."

"सोडलं तं सोडलं! कागदावर दोन वर्षं धर. त्या कारकुनाले काय समजते?"

"मले समजते," तो म्हणाला. त्यानं पाकीट चिकटवलं, टेबलावर ठेवलं आणि आईचा निरोप घेऊन वर्ध्याला निघून गेला. तिथं त्याच्या शिकवण्या होत्या. ती अठरा जूनची गोष्ट. अर्जाची शेवटची तारीख पंचवीस.

पाकीट त्याच दुपारी बंडूजीच्या थैलीत जायला हवं होतं. मी ते टेबलाच्या खणात टाकलं आणि खण लोटला. हाच तो गुन्हा. मनात म्हटलं, पोरगं तापट आहे, आई व्यवहारी आहे. आईला पटवू, पोराला बोलावू, नवा अर्ज भरून घेऊ. दुसऱ्याचं भलं करायची खाज वाईट. ती सुटली की माणूस कायदाही पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी तानाबाई आली. मी तिला तासभर समजावलं. "अजून बदलता येते. महिन्याच्या चोवीस हजार बिड्या, तानाबाई! बसल्या जागी. एका शब्दापायी सोडतं का? तुही बोटं पाह्य." तिची बोटं खरंच पाहण्यासारखी होती, तंबाखूनं पिवळी पडलेली, टोकाशी चिरलेली. ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत राहिली आणि उठून घरी गेली. तिसऱ्या दिवशीही आली, बसली, गेली. चौथ्याही दिवशी तेच.

शनिवारी बावीस तारखेला ती आली तेव्हा बंडूजी थैलीचं तोंड बांधायला बसला होता.

"नाई, गुरुजी," ती पायरीवरूनच म्हणाली. "जुनं नाव नाई लिवाचं. कारकुनाले नाई समजत, पन माह्या पायाले समजते. मी नागपूरले पायी गेलती."

ती गेली. मी खण उघडला, पाकिटावर ठप्पा मारला आणि थैलीत टाकलं. बंडूजी नाल्यापलीकडे दिसेनासा झाल्यावर मला आठवलं की उद्या रविवार. पाकीट नागपूरला सोमवारी पोचेल, नाहीतर मंगळवारी. मंगळवारी पंचवीस. आणि वाटेत कुठे एक दिवस जरी अडकलं, तर पोराचं वर्ष माझ्या खणात गेलं.

मग सुरू झालं वाट पाहणं. तानाबाई रोज दुपारी येऊन पडवीत बसायची आणि माझी अवस्था चोराच्या मनात चांदणं अशी. ती नुसती खाकरली तरी वाटायचं, आता विचारते. ती फक्त एवढंच विचारायची, "नागपूरचं काही?" मी मान हलवायचो. जुलै उजाडला. बोर नदीला पूर आला आणि दोन दिवस डाकच आली नाही. त्या दोन दिवसांत मी चार कट्टे ओढले. तिसऱ्या दिवशी थैलीत वर्ध्याचं कार्ड निघालं, प्रेमदासचं. ते तिला वाचून दाखवायचं कामही माझ्याच नशिबी. 'माझ्यासोबतच्या दोघांना प्रवेशाची पत्रं आली. मला आलं का?'

"दोघाइले आलं," ती म्हणाली. बस, एवढंच. मला घास गोड लागेना. शाळेत पोरांवर उगाच हात उगारायला लागलो.

नऊ जुलैला लांब पाकीट आलं. मी तिच्या हातात दिलं, तिनं ते माझ्याकडे परत केलं. "वाचा." मी ते फोडलं. प्रेमदासला प्रवेश मिळाला होता. पंधरा तारखेपर्यंत फी भरायची होती. खाली एका ओळीत लिहिलं होतं की शिष्यवृत्तीस उमेदवार पात्र नाही. मी दोन्ही वाचलं.

"नाव लागलं?"

"लागलं."

तिनं तोंडावर पदर घेतला आणि ती रडली. मलाही रडू आलं, तिच्यासाठी थोडं आणि माझी मान सुटली म्हणून जास्त. मग मला राहवलं नाही.

"तानाबाई, मी चूक केली. तो अर्ज चार दिवस माह्या खनात होता. त्या दिवशी मी पाठवलाच नव्हता."

"मले माहीत हाय," ती डोळे पुसत म्हणाली.

"कसं?"

"त्या दिवशी मी पायरी उतरून राह्यली होती. ठप्प्याचा आवाज नाई आला. खन लागल्याचा आला."

"मंग बोलली काऊन नाई?"

तिनं पदर सारखा केला. "बोलली असती तं तुमी पाठवून देल्लं असतं. मलेच वाटून राह्यलं होतं का जुनं लिवावं. चोवीस हजार म्हंजे थोडं नाई, गुरुजी. रोज ठरवून येवो का आज हो म्हनीन, अन् इथं बसली का तोंडातून निंघे नाई. तुमचा गुन्हा अर्धा माह्या नावावर लिवा."

माझ्या सगळ्या शहाणपणापेक्षा ते एक वाक्य मोठं होतं. मी तिला समजावत होतो असं मला वाटत होतं. ती स्वतःशी झगडत होती आणि मी नुसता मध्ये बडबडत होतो. मला फार लाज वाटली.

"आता बाकीच्या अठरा हजार कुठून आनशीन?" मी विचारलं.

"वस्तीत सव्वीस घरं बिड्या करते. घरटी रोज एक कट्टा द्याचं ठरलं. शेजारच्या धुरपतानं पयला शब्द देल्ला."

"कवा ठरलं? पत्र तं आज आलं."

"मंग? पत्र आल्यावर फिराचं काय घरोघरी?"

मी पाटी ओढली. सव्वीस घरं, पंचवीस विड्या, सव्वीस दिवस. सोळा हजार नऊशे. "अकराशे कमी पडते."

"मालूम हाय. म्हनून तं तुमच्यासाठी बसली." तिनं माझ्या खिशाकडे पाहिलं. "तुमी रोज एक कट्टा ओढता."

"मी ओढतो, तानाबाई. मले वळता थोडीच येते!"

"वळू नोका. ओढूबी नोका. दुकानात कट्टा एका आन्याले येते, तेवढ्यात आमची दोन कट्ट्याची मजुरी निंघते. म्हनून तुमचं एक घर मी दोन धरलं. झाली अठ्ठावीस."

अठ्ठावीस घरांचे अठरा हजार दोनशे. गणित बरोबर होतं. मी शिकवलेलं नव्हतं.

आपलं घर त्या वस्तीच्या घरांत मोजलं गेलं हे आईला कळलं, तेव्हा ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "खोकला कमी झाला तुहा." तिकिटांच्या डब्याशेजारी मी दुसरा डबा ठेवला. रोज संध्याकाळी त्यात एक आणा, म्हणजे सहा नवे पैसे, टाकायचो आणि बंडूजीनं विडी पेटवली की तोंड फिरवून बसायचो. पहिले दोन महिने मी माणसात नव्हतो. शाळेतली पोरं म्हणत, गुरुजींना भूत लागलंय. पण दोन वर्षांत डबा एकदाही चुकला नाही. तानाबाई महिन्याच्या शेवटी यायची, डबा पदरात रिकामा करायची आणि मनीऑर्डर लिहून घ्यायची.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात प्रेमदासचं पत्र आलं. एम.ए. झाला. मी ते मोठ्यानं वाचलं, दोनदा वाचलं. तानाबाई घरी गेली आणि थोड्या वेळानं परत आली. तिनं टेबलावर एक कट्टा ठेवला. तिच्या हातचा, एकसारखा, लाल दोऱ्याचा.

"घ्या, ओढा आता."

"बसा, तानाबाई," मी म्हणालो. एक विडी काढून पेटवली आणि पहिल्याच झुरक्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. आतून आई पाणी घेऊन धावली. तानाबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

ठसका थांबल्यावर तिनं तो कट्टा उचलला आणि परत पदराच्या गाठीत बांधला.

"राहू द्या मंग," ती म्हणाली. "धुरपताची पोरगी औंदा मॅट्रिक झाली. वर्ध्याले कॉलेजात जातो म्हनते. तुमची दोन घरं मी चालूच धरते."

मी विडी विझवली आणि दुसरा डबा पुन्हा टेबलावर ठेवला.