डावीकडची माणसं

रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम करायची. नाव, तारीख, वेळ. अठरा वर्षं हेच केल्यावर माणसाला तारीख टाकायचं व्यसनच लागतं. पिठाच्या डब्यावर तारीख, खोकल्याच्या औषधावर तारीख, नवऱ्यानं काढलेल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर तारीख.

"उद्या माझ्याही पाठीवर टाकशील," नवरा म्हणायचा.

"टाकली असती, पण तुम्ही एका जागी बसता कुठे?"

नवरा शाळेची बस चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढायचा. हौस दांडगी, कॅमेरा मात्र म्हातारा. मागचा स्क्रीन कधीच मेलेला, त्यामुळे वरच्या चिमुकल्या खिडकीला डोळा लावूनच बघावं लागायचं. फोटो कसा आला ते दुकानातून छापून आणल्यावर कळायचं. पण काढायचा मन लावून. चपलांचा ढीग, भिंतीवरचं ऊन, भाजीवाल्याचे हात, आणि घरात चार माणसं जमली की त्यांचा घोळका.

या घोळक्याच्या फोटोंना गेली काही वर्षं एक खोड लागली होती. डावीकडचं माणूस कापलं जायचं. कधी कान, कधी खांदा, कधी अख्खंच. घरच्यांनी या खोडीचा पुरेपूर फायदा करून घेतला. ज्याला फोटोत यायचं नसेल त्यानं डावीकडे उभं राहायचं, असा नियमच पडून गेला. नणंद वजन वाढल्यापासून हक्कानं तिकडेच उभी राहायची. थोरल्या दिरांशी अबोला असेल त्या वर्षी त्यांना कुणीतरी हळूच डावीकडे सरकवायचं. नणंदेच्या नवऱ्याचा एका फोटोत फक्त कोपर आलं होतं, ते बघून सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली होती. सगळ्यात जास्त कोण हसलं असेल तर हीच बाई. दोष कॅमेऱ्याचा आहे, यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं.

म्हणून नवऱ्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला कॅमेराच द्यायचा, असं तिनं ठरवलं. वाढदिवस रविवारी होता. गुरुवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कपाटातून त्याचा कॅमेरा गुपचूप पिशवीत टाकला, फोटोंचं एक पाकीट घेतलं आणि वापरलेले कॅमेरे दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानात गेली. नवीन घेण्याची ऐपत नव्हती आणि त्याची तिला लाजही नव्हती.

दुकानदार साठीचा, कपाळावर भिंग चढवलेला, बोलायला मोकळा. त्यानं आधी प्रश्नांची सरबत्ती केली. ते कशाचे फोटो काढतात, चष्मा आहे का, हात मोठे आहेत की लहान. मग तीन कॅमेरे काढून काचेवर ठेवले. पहिला तिनं उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"हा गळ्यात अडकवला तर मान मोडेल त्यांची."

"मग हा घ्या. दिसायला साधा, पण लेन्स चांगली आहे. लांबचं जवळ आणायला गेलात तर रुसतो, पण घरगुती माणसाला लांबचं कशाला हवंय? खिडकीही मोठी आहे."

तो तिच्या हातात बरोबर बसला. किंमतही आवाक्यातली होती. तिनं मनातल्या मनात घेऊनसुद्धा टाकला.

"फक्त एक बघा, यात डावीकडची माणसं कापली जायला नकोत," ती हसत म्हणाली आणि तिनं पाकीट उघडलं. "हे बघा आमच्याकडचे पराक्रम."

दुकानदारही हसला. कोपराचा फोटो बघून तर खदखदून हसला. मग त्यानं एक फोटो उलटा केला, पाठीवरची तारीख बघितली, दुसरा उलटा केला, आणि पत्ते लावावेत तसे सगळे फोटो तारखेप्रमाणे ओळीत लावत गेला. लावता लावता त्याचं हसू ओसरलं.

"ताई, त्यांचा कॅमेरा आणलाय का?"

तिनं पिशवीतून काढून दिला. त्यानं खिडकीला डोळा लावून समोरच्या फळीचा फोटो काढला, कार्ड आपल्या संगणकात घातलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला. फळीची दोन्ही टोकं जिथल्या तिथे होती.

"कॅमेऱ्याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "या कॅमेऱ्यांत खिडकी एकीकडे आणि लेन्स दुसरीकडे असते, त्यामुळे बोटभर इकडेतिकडे होतं. पण ते कायम तेवढंच राहतं. इथे बघा. तीन वर्षांपूर्वी कान गेलाय. पुढच्या वर्षी खांदा. या उन्हाळ्यात अख्खा माणूस. कॅमेरा असा हळूहळू बिघडत नाही, ताई."

"मग काय बिघडलंय?"

"ते कोणत्या डोळ्यानं बघतात?"

"उजव्या. डाव्यानं धूसर दिसतं म्हणतात."

दुकानदारानं कपाळावरचं भिंग काढून खाली ठेवलं. "माझ्या भागीदाराचं असंच झालं होतं. आम्ही वर्षभर लेन्स बदलत बसलो. त्याची कडेकडेची नजर जात होती. समोरचं स्वच्छ दिसायचं, म्हणून त्याचं त्यालाही कळलं नाही. मी डॉक्टर नाही, पण आजच्या आज दाखवा. काम काय करतात ते?"

"शाळेची बस चालवतात," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

दुकानदारानं तिन्ही कॅमेरे उचलून परत कपाटात ठेवले.

घड्याळात दोन वाजायला आले होते. शाळा साडेतीनला सुटायची. तिनं फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. कामावर तो फोन बसच्या खणात टाकायचा, याचा तिला एरवी अभिमान वाटायचा. मिळाली ती गाडी पकडून ती निघाली, आणि वाटेत एकेक गोष्ट डोक्यात येऊन आदळायला लागली. बसचा डावीकडचा आरसा वर्षात दोनदा फुटला होता आणि दोन्ही वेळा दोष फाटकाला दिला होता. मागच्या महिन्यात ती गरम चहा घेऊन त्याच्या डावीकडे उभी होती, तर हा वळला आणि सगळा चहा तिच्या हातावर. "दिसली नाहीस गं," असं तो म्हणाला होता. त्यावर तिनं आठवडाभर तोंड फुगवलं होतं. बायको आता दिसायचीही बंद झाली का, असंही सुनावलं होतं. आठवून तिला स्वतःची इतकी लाज वाटली की गाडीतच तिनं तोंडावर हात घेतला. रोज नळ्यांवर लोकांच्या आजारांच्या तारखा टाकणारी बाई, आणि नवऱ्याच्या आजाराच्या तारखा स्वतःच्या अक्षरात लिहूनही तिला वाचता आल्या नव्हत्या.

बसच्या आवारात तो समोरची काच पुसत होता. तिला बघून आधी घाबरला, मग हसला.

"तू इकडे कुठे?"

"बोलू नका. इथे उभे राहा. कॅमेऱ्यातून बघताना मिटता तसा डावा डोळा मिटा आणि माझ्या नाकाकडे बघा."

"हे काय, तुझ्या प्रयोगशाळेनं आता रस्त्यावर तपासणी काढली का?"

"बघा म्हणते ना. मी हात वर केला की सांगा. नजर हलवायची नाही."

त्यानं डोळा मिटला आणि शहाण्या मुलासारखा तिच्या नाकाकडे बघत राहिला. बराच वेळ गेला.

"अगं, कर ना वर," तो म्हणाला. "किती वेळ नाकच बघत बसू?"

तिचा हात केव्हाचा वर होता. त्याच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, पाची बोटं पसरलेला. ती बोटं हलवून पाहत होती.

"आता दोन्ही डोळे उघडा," ती कशीबशी म्हणाली. "पण बघायचं नाकाकडेच."

"उघडले. आता तरी कर वर."

तिला रडू फुटलं. तेव्हा कुठे त्यानं मान वळवली, आणि हात त्याला दिसला. आधी तो हसायला गेला. मग त्यानं हाताकडे बघितलं, तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं दुकानातलं सगळं सांगितलं, फोटो, तारखा, दुकानदाराचा भागीदार. त्यानं खिशातून किल्ल्या काढल्या, पलीकडच्या खोलीत जाऊन साहेबांच्या टेबलावर ठेवल्या, दुसरा ड्रायव्हर बोलवायला सांगितलं आणि परत येऊन बसच्या पायरीवर बसला.

"वेळेत कळलं," ती त्याच्या शेजारी बसत म्हणाली. "कुणाला काही झालं नाही. दाराशी पोरांना उतरवायला मावशी असतात, पोरं बाजूला झाली की त्याच पत्र्यावर थाप मारतात, मग तुम्ही गाडी हलवता. हो ना?"

"मावशी सोमवारपासून रजेवर आहेत. मुलीचं बाळंतपण आहे." तो दाराच्या बाजूच्या आरशाकडे बघत होता. "चार दिवस मी एकटाच आहे."

तिनं त्याचा हात धरला, तो गार पडला होता.

"न बघता गाडी काढली नाही गं मी," तो म्हणाला. "पोरं उतरली की रोज डावीकडे बघायचो. कुणीच नसायचं."