गिरिजाबाईचा अंगठा

टेंभुर्णीच्या अलीकडच्या आमच्या गावात गिरिजाबाई अकरा वर्षं पंचायतीची सदस्य होती, पण बैठकीला तिला कुणी कधी बोलावलं नाही. बाईची एक जागा भरावी लागते म्हणून तिला बौद्धवाड्यातून घेतलेलं. बैठक झाली की कोतवाल पुंजाराम ठरावाची वही अन् शाईची डबी घेऊन दारात यायचा. ती पदराला हात पुसून अंगठा उठवायची.

दिल्लीत बाई पंतप्रधान होती. सरपंच बद्रीनाथ पाटील चावडीवर हसून म्हणायचे, "दिल्लीत बाई, गल्लीत बी बाई. आपल्याला काय कमी?" गिरिजाबाईला ते खरंच वाटायचं. कॅलेंडरातलं बाईचं चित्र कापून तिनं बाबासाहेबांच्या तसबिरीखाली चिकटवलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात गावाला सरकारी विहीर मंजूर झाली. बौद्धवाड्यातल्या बायका मैलभर लांबच्या, ओढ्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणायच्या. गिरिजाबाईनं पाटलांना वाटेत गाठलं.

"विहीर आमच्या वाड्याच्या अंगाला पाहिजे, पाटील."

"बराबर होऊन जाईल."

चार दिवसांनी वही आली. "विहिरीचाच ठराव हाय, मावशी," पुंजाराम म्हणाला. चौथी शिकलेली सून सत्यशीला खडी फोडायला गेल्ती. ती येईस्तोवर थांबावं, असं गिरिजाबाईच्या मनातही आलं नाही. "बाईचं राज हाय. बाईमाणसाला न्हाई कसं म्हणतील?" असं म्हणून तिनं अंगठा दाबला.

सुरुंगाचे आवाज आले ते पाटलांच्या मळ्याकडून. ती तशीच चावडीवर गेली. पाटलांनी वही उघडून दाखवली.

"तुझाच अंगठा हाय की, गिरिजाबाई. आता मलाच इचारून राह्यली?"

त्या उन्हाळ्यात सत्यशीला भरली घागर घेऊन झिऱ्याच्या दगडावरून घसरली. सातवा महिना होता. लेकरू गेलं.

दिवाळीनंतर वही पुन्हा आली. गिरिजाबाईनं अंगठा मुठीत धरला.

"आधी वाचून दाखव."

"मला येत असतं तर मी कोतवाल राह्यलो असतो का, मावशी?"

तिनं वही सुनेपुढं सरकवली. "विहिरीचं पान काढ."

सत्यशीलानं अक्षरं जुळवत वाचलं. "विहीर पाटलांच्या मळ्यालगत घेण्यात यावी. ठराव सर्वानुमते मंजूर."

"सर्वानुमते म्हंजे?"

सत्यशीलानं पानाखालच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "म्हंजे तुम्ही बी, आत्या."

गिरिजाबाईनं वही मिटून पुंजारामला दिली. त्यानंतर तिनं अंगठा उठवला नाही. ठराव मात्र मंजूर होत राहिले. झिऱ्यावर ती एकटीच जायची. सुनेला तिनं पुन्हा घागर उचलू दिली नाही.