दादांनी केलेलं चाडं

माझी नजर चांगली आहे असं गावातले सगळे म्हणत, आणि मला ते फार लवकर पटलं. ओळंबा न लावता दाराची चौकट उभी करायची आणि मग ओळंबा घेऊन तपासायला येणाऱ्याची फजिती बघायची, हा माझा विशी-बाविशीतला छंद होता. आम्ही गावचे सुतार. औंढ्याहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाव, राज्य निजामाचं, आणि गावात सुताराचं घर एकच. नांगर, वखर, तिफणी, गाड्या आम्ही करायच्या, मोडल्या तर सांधायच्या आणि सुगीत खळ्याखळ्यावर फिरून वर्षाचं धान्य आणायचं. याला गावकी म्हणत. गावकी म्हणजे भाकरीची सोय, आणि गळ्यातलं दावंही. सुतार गाव सोडून गेला किंवा त्याचं काम बिघडलं, तर गाव दुसरा सुतार आणी आणि पारावर त्याला विडा-नारळ देई. एकदा दिलेला विडा परत फिरत नसे.

दुसरी जागतिक लढाई लागायच्या दोन-तीन वर्षं आधीचा तो उन्हाळा. हिंगोलीच्या स्टेशनात मालाच्या गोदामाचे दरवाजे बसवायचं काम निघालं होतं. हात रिकामे होते म्हणून मी आठ दिवस तिथं गेलो. तिथला मिस्त्री हैदराबादकडचा, वयानं पिकलेला गृहस्थ. त्यानं पहिल्या दिवशी मला रंधा मारायला बसवलं, तिसऱ्या दिवशी सांधे करायला दिले आणि आठव्या दिवशी मी केलेल्या सांध्यात नख घालून पाहिलं. नख शिरलं नाही. म्हणाला, "ऐसा हाथ गाँव में काय कू सडाता रे? सिकंदराबाद चल मेरे साथ. रेल के डिब्बे बनते वहाँ." महिन्याच्या महिन्याला पगार, राहायला खोली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की तो परत जाणार होता. यायचं तर तेव्हाच, त्याच्याबरोबर.

मी घरी आलो तो मनात रेल्वेचा डबा बांधतच आलो. पण घरात शिरल्यावर दादा दिसले. माझे वडील. ते अंगणात बसून भुईवर हात फिरवत होते. पटाशी त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडली होती.

दोन वर्षांपासून त्यांचे डोळे जाऊन राहिले होते. भर दुपारी आभाळ स्वच्छ असताना ते विचारत, "ढग आलं का रं?" आई म्हणे, "व्हय, आलंय थोडं." आमच्या घरात असं दोन वर्षं ढग होतं. बारीक काम सगळं मी करी. दादा मोठी लाकडं तासत, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत आणि गाव समजे की बाप-लेक मिळून काम करतात. गावाला खरंच ठाऊक नव्हतं की काणाडोळा होता, ते मला आजही सांगता येत नाही.

रेल्वेच्या कामाचं सांगितलं तेव्हा दादा लगेच म्हणाले, "जा की. मला काय झालंय?"

मला राग आला. त्यांनी "जाऊ नको" म्हणायला हवं होतं. म्हणजे मग मी घरात थोडी आदळआपट केली असती, चार दिवस तोंड फुगवलं असतं आणि राहिलो असतो. जबाबदारी त्यांची झाली असती. त्यांनी ती माझ्या गळ्यात टाकली आणि वर चिलीम पेटवली.

आईला मी गोठ्यात गाठलं. ती शेण भरत होती. मान वर न करता म्हणाली, "तू गेलास तर गावकी ऱ्हात न्हाई. त्यायच्या ह्या डोळ्यांनी एक पेरणीबी निघायची न्हाई."

"मंग न्हाई जात."

"मी तसं म्हनलं का?" तिनं टोपली उचलली. "हितं ऱ्हाऊन तू तरी काय करून राहिलास? बापाच्या बदली राबून राहिलास. जायचं तर जा, पन मला इचारू नको."

म्हणजे दोघांनीही हात वर केले. मी मग स्वतःशीच एक सोयीचं गणित मांडलं. सहा महिने काम करायचं, सुट्टी मिळाली की येऊन दादांना हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, डोळ्यांवरचं पडळ काढून घ्यायचं. तोवर एक पेरणी दादा कशीबशी निभावतील. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला होती, पण ती सगळी मला जायचं होतं त्याच बाजूला धावत होती.

पाटलांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी आम्हाला पारावर बोलावलं. पाटील तसे सरळ माणूस. म्हणाले, "पोरगं जाऊ दे, पुढं जात असंल तर आमी काहून आडवं यावं? पन सुतारा, पेरणी तोंडावर हाय. तुझ्या एकट्यानं व्हतंय का?"

"व्हतंय," दादा म्हणाले.

"मंग एक तिफण करून दाखव. चाड्यासकट. पोरानं हात लावायचा न्हाई."

तिफणीला तीन फण असतात आणि वर लाकडाची एक वाटी असते, तिला चाडं म्हणतात. चाड्याच्या बुडाला तीन भोकं. पेरणारी बाई मुठीतलं बी चाड्यात सोडत चालते, ते भोकांतून नळ्यांत आणि नळ्यांतून फणामागच्या तासात पडतं. तिन्ही भोकं सारखी आणि सरळ हवीत. एक वाकडं गेलं तर त्यातून बी कमी पडतं, आणि पेरताना ते कुणाच्या ध्यानात येत नाही. उगवल्यावरच दिसतं. म्हणून सुताराची परीक्षा चाड्यात.

आखाजीच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात दहा-बारा माणसं जमली. तिफण होती आमच्या शेजारच्या मावशींची. त्या नवरा गेल्यापासून दोन बैलांवर शेती करीत आणि स्वतः चाड्यावर मूठ धरीत. दादांनी तिफण सुरेख केली. बाभळीचं लाकूड त्यांनी हातानं चाचपून असं तासलं की माझीही छाती फुगली. मग त्यांनी चाडं पायात धरलं आणि गिरमिट लावलं. पहिलं भोक सरळ गेलं. शेवटचंही गेलं. मधलं भोक पाडताना वाटीच्या खोलगटात त्यांना बुड दिसेना, त्यांनी मनगट थोडं आत वळवलं, आणि गिरमिट तिरकं उतरलं. मी ते पाहिलं. लाकडात शिरतानाच पाहिलं.

दादांनी वरून बोट फिरवलं. वरून तिन्ही तोंडं गोल लागत होती. त्यांनी चाडं माझ्याकडे दिलं. म्हणाले, "बघ रं, बराबर हाय का? गावात तुझ्यावानी नजर कोनाची न्हाई."

मी ते उन्हाकडे धरलं. दोन भोकांतून पूर्ण उजेड आला. मधल्यातून नखाच्या कोरीएवढा.

पाटील बघत होते. मावशी बघत होत्या. दादा माझ्या तोंडाच्या जरा बाजूला बघत होते, कारण मी नेमका कुठं उभा आहे ते त्यांना दिसत नव्हतं. माझ्या मनात हिंगोलीचं स्टेशन होतं. एक चाडं, एक शेत, त्यानं काय बिघडतं, नंतर गुपचूप नीट करून देऊ.

"बराबर हाय," मी म्हणालो.

मावशींनी तिथल्या तिथं चाड्याला हळद-कुंकू वाहिलं आणि ते पदराखाली घेऊन घरी गेल्या. देवघरात ठेवलेलं चाडं पेरणीपर्यंत मागायचं कुणी? मी मागितलं नाही. पाटलांनी दादांच्या पाठीवर थाप मारली. दादा दिवसभर इतके बोलत होते की आई म्हणाली, जरा श्वास घ्या. आखाजी झाली आणि मी मिस्त्रीबरोबर गाडीत बसलो.

कारखान्यात मी सुखी होतो, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. भोंगा झाला की काम सुरू, भोंगा झाला की बंद. रविवारी कुणी "ए सुतारा" म्हणून दारात येत नसे. तिथंही लोक माझ्या नजरेचं कौतुक करू लागले. चाड्याची आठवण मला पहिले काही दिवस रोज यायची, मग आठवड्यानं, मग पाऊस लागला आणि यायचीच बंद झाली.

पोळ्याला चार दिवसांची सुट्टी मिळाली. दादांना दवाखान्यात न्यायचं म्हणून मी आलो. हिंगोलीला उतरून एका बैलगाडीत बसलो. आमच्या शिवेपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. शिव ओलांडली आणि मी गाडीतून खाली उतरलो.

ज्वारी छातीला लागली होती. पण दोन ओळी छातीला, आणि मधली एक गुडघ्याला. पुन्हा दोन उंच, पुन्हा मधली बुटकी. बी पडलंच नव्हतं तिथं बायकांनी हातानं टोचून टोचून नांग्या भरल्या होत्या, ती मागून आलेली रोपं होती. मला वाटलं हे मावशींचं शेत. ते मावशींचं नव्हतं. त्याच्या पलीकडचं तसंच, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचंही तसंच. घरापर्यंत मी अशी आठ शेतं चालत गेलो. माझं "बराबर हाय" ऐकून दादांना वाटलं होतं की न दिसता तसं मनगट वळवलं तरी भोक सरळच जातं. मी गेल्यावर त्यांनी त्याच हातानं अर्ध्या गावाची चाडी केली होती.

आईनं पाण्याचा तांब्या दिला आणि सांगितलं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पारावर बैठक आहे. दुसरा सुतार बघून ठेवला आहे. दादा भिंतीला टेकून बसले होते. चार महिन्यांत ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते.

"बी किडकं व्हतं औंदा," ते मला म्हणाले. "चाडं तर तूच तपासलं व्हतंस. मी सगळ्यायला तेच सांगून राहिलो. पोरानं तपासलं व्हतं."

मी तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं. पोळा झाला. मी पुरणपोळी खाल्ली, तीही दोन. करीच्या सकाळी दादांचा हात धरून पाराकडे निघालो. वाटेत चावडीच्या आडोशाला थांबलो आणि सांगून टाकलं. मधलं भोक तिरकं होतं, मला दिसलं होतं, मला जायचं होतं म्हणून खोटं बोललो.

 माझा हात दादांनी सोडला नाही. मला वाटलं आता मारतील, आणि मारावं असं फार वाटत होतं.

"कोनाला बोललास?"

"न्हाई. आता पाटलाला सांगतो."

"सांगू नको."

"दादा, पन तुमची गावकी..."

"गावकी गेली. तू सांगून ती येती का? माझे डोळे देवानं नेले म्हनतील, चार दिवस हळहळतील. तुला काय म्हनतील? सुताराच्या तोंडचं माप खोटं निघालं की त्याला कुनी दारात उभं करत न्हाई. तुला अजून लई दिवस काम करायचंय." मग म्हणाले, "चल, उशीर व्हतोय."

पारावर सगळे होते. मावशी चाडं घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते पाटलांपुढं ठेवलं. पाटलांनी उन्हाकडे धरलं, आणि त्यांनाही दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तर तुझ्यासमोर झालं व्हतं. तू बराबर म्हनला व्हतास."

मी तोंड उघडलं. दादांनी माझ्या दंडावरची पकड घट्ट केली.

"तवा बराबरच व्हतं," दादा म्हणाले. "पोरगं गेल्यावर म्या मावशीकडून परत आनलं. भोकं जरा मोठी करावी म्हनलं. माझ्या हातून बिघडलं."

जन्मात कधी खोटं माप न सांगितलेला माणूस गावासमोर खोटं बोलत होता आणि ते त्याला नीट जमतही नव्हतं. कपाळावर घाम आला होता. चाडं देवघरातून पेरणीपर्यंत हललं नव्हतं, हे मावशींना पक्कं ठाऊक. त्यांनी आधी दादांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ. त्यांचं तिसऱ्या हिश्श्याचं पीक गेलं होतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "नेलं व्हतं सुतारानं."

पाटील म्हणाले, "तू असतास तर ही पाळी आली नसती रं पोरा." मी खाली मान घातली. लोकांना ती माझी नम्रता वाटली. नव्या सुताराला विडा दिला, नारळ फुटला.

दवाखान्यात यायला दादांनी साफ नकार दिला. मी दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि पुढं बत्तीस वर्षं रेल्वेत काढली. दादा अजून चार वर्षं जगले, माझ्या मनिऑर्डरवर. गावात माझ्या नजरेचं कौतुक होतच राहिलं. दादांना मात्र लहान लेकरंही तोंडावर 'आंधळा सुतार' म्हणून हाक मारत, आणि दादा त्या हाकेला ओ देत.