धुतलेला फिल्टर

जुलैच्या ऐन उकाड्यात आमच्या कॅनडातल्या ग्वेल्फच्या घरातला एसी गार हवा देईना. नागपूरहून खास थंडाव्यासाठी आलेले सासरे म्हणाले, "यापेक्षा आमचा कूलर बरा." मी मुकाट्याने मेकॅनिकला फोन केला.

आले ते साठीचे एक गुजराती काका. बेसमेंटमध्ये उतरल्यावर त्यांनी कलिंगड पारखावं तसं, घरभर गरम-गार हवा फिरवणाऱ्या फर्नेसवर टकटक करून कान लावला. मग फर्नेसच्या डोक्यावरची पेटी उघडली. आतल्या एसीच्या कॉइलवर धुळीची गोधडी पसरली होती.

"फिल्टर कब बदला?"

बदलायचा कशाला? मी अभिमानाने सांगितलं की मी तो दर महिन्याला टबात धुतो आणि घरामागच्या लाकडी डेकवर वाळवतो.

काकांनी तो कागदी फिल्टर एक्स-रेसारखा उजेडात धरला. त्यातून मला त्यांचा अख्खा चेहरा दिसला.

"आप इंजिनियर हो?"

"हां. मेकॅनिकल."

"लगा ही था. इंजिनियर ही धोते हैं. बाकी लोग डिब्बे पे लिखा पढ़ते हैं और फेंक देते हैं."

जिन्यात उभ्या सासऱ्यांना अचानक खोकला आला.

लेकीच्या केसांतला गुंता सोडवावा तसे काका तासभर मऊ ब्रशने कॉइल साफ करत राहिले. वर गार हवा आली. जाताना त्यांनी नवा फिल्टर बसवला आणि त्याच्या कडेवर मार्करने काहीतरी लिहिलं.

तीन महिन्यांनी मी तो बाहेर काढला. तसा बरा दिसत होता. टबाचा नळ सोडला, तेव्हा कुठे कडेवरची अक्षरं वाचली.

"फेंक दो, इंजिनियर साहब."