शेवटचा शब्द कुणाचा

"रीत झाली. कारण कुठंय?" दुकानात पाय ठेवताच आबा असं विचारायचे आणि टोपी काढून माझ्या प्रिंटरवर ठेवायचे. प्रिंटर तापलेला असायचा. टोपी उचलून बाजूला ठेवणं हे माझं काम.

ज्याला नको म्हणता येत नाही, असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. बारामतीच्या स्टँडजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. आबा भवानीनगरकडून एसटीनं यायचे. जन्म कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलण्यात गेला आणि निवृत्तीनंतर त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. फार जुन्या काळी समुद्रावरून आलेला आणि नीरेच्या काठी मेंढपाळांत राहिलेला एक ख्रिस्ती पंथ. असा पंथ कधी नव्हताच. पण आबा स्वतः ख्रिस्ती, दर रविवारी चर्चला जाणारे, त्यामुळे खोटं रचायचं तर तेही जपून रचायचे, पंथाच्या प्रत्येक रीतीला कारण हवंच. ते सांगायचे, मी टाइप करायचो.

त्यांच्या पंथात प्रभुभोजनाला पावाऐवजी भाकरी, "कारण गहू हितं कोण पिकवत व्हतं तवा?" वेदीवर घोंगडं, कारण मेंढपाळ दुसरं काय देणार? द्राक्षरसाच्या जागी काय, इथं गाडी अडली. मी म्हणालो, "आबा, उसाचा रस चालवा की."

"भाई, जन्मभर ऊस तोलला. देवाच्या पुढ्यात तरी नको."

शेवटी मेंढीचं दूध ठरलं. चर्चच्या पाळकसाहेबांनी ते ऐकून कपाळाला हात लावला, हे आबाच हसत सांगायचे.

मग त्यांच्या बायकोला अर्धांगवायू झाला. मावशींचं बोलणं गेलं. शेजारणीला घरी बसवून आबा दुपारचे यायचे आणि खुर्चीत टेकले की पेंगायचे. खोटं कशाला बोलू, कंटाळा मलाही आला होता. पानं पुढं सरकत नव्हती.

एका दुपारी डोळे न उघडताच म्हणाले, "लिवा. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय, तितं प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणायचं न्हाय."

"कारण?"

"आमेन म्हटलं की देव उठून जातोय. अर्धी ठेवली की ऱ्हायलेलं ऐकायला उद्या त्याला यावं लागतंय."

हे कादंबरीसाठी नव्हतं, ते मला तेव्हाच कळलं. घरी त्यांनी तसंच सुरू केलं होतं. प्रार्थनेला येणाऱ्या मंडळींनाही ते शेवटी गप्प करायचे. लोक चिडायचे. आबा बधायचे नाहीत.

पुढं बरेच दिवस ते आले नाहीत. आले तेव्हा टोपी डोक्यावरच होती. मावशी गेल्याचं माझ्या कानावर आलं होतं.

"सकाळची प्रार्थना केली," ते म्हणाले, "आन् शेवटाला थांबलो. तर तिनंच म्हटलं, भाई. आमेन. बोलणं गेल्यापास्नं तेवढाच शब्द. मी नको नको म्हणत हात धरला तिचा. सांजच्याला गेली."

मी चहा सांगितला, तो तसाच निवला.

"त्या रीतीला एक ओळ जोडा. आमेन म्हणायचा हक्क आजारी माणसाचा. दुसऱ्या कुणाचा न्हाय."

"कारण?" सवयीनं तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली.

"दमतंय वो ते. मला वाटायचं, मीच दमलोय."

नंतर आबा मुलीकडं बावड्याला राहायला गेले आणि तिकडंच वारले. कादंबरी माझ्या कॉम्प्युटरवर त्या ओळीपाशी थांबली आहे. आबांची फार आठवण येते. प्रिंटरवर आता कुणी टोपी ठेवत नाही.

यंदा माझी अम्मी अंथरुणाला खिळली आहे. तिच्या उशाशी बसून मी रोज दुआ मागतो. आमीन म्हणायची वेळ आली की पसरलेले हात तसेच धरून तिच्या तोंडाकडं बघत राहतो. आमच्यात अशी रीत नाही, कुणातच नाही. "मधीच का थांबतोस?" भाऊ विचारतो.

तिचे ओठ हलतात आणि मी तिचा हात धरतो.

"पाणी," अम्मी म्हणते.

मी पळत जाऊन आणतो.