वरच्या ओठावर बसणारा मास्क

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजोबा, मिशी कुठे गेली?" आजोबा म्हणाले, "फार उकाडा आहे रे इथे." तुम्ही हसलात आणि विषय संपला. उकाडा होता, पण ते कारण नव्हतं. खरं कारण तुम्हाला माहीत असावं असं मला वाटतं. तुम्ही आता तेवढे लहान नाही. म्हणून क्रमाने लिहिते.

त्याआधीच्या कित्येक कॉलवर आजोबा बोलता बोलता स्तब्ध व्हायचे आणि तुमच्यातली धाकटी ओरडायची, "आजी, तुमचं नेट अडकलं!" नेट चालू असायचं. आजोबा झोपलेले असायचे. डोळे अर्धवट उघडे, तोंड किंचित वासलेलं, मध्येच घुसमटल्यासारखा एक आवाज. मी फोन माझ्याकडे वळवायचे आणि तुमच्या शाळेचं काहीतरी विचारायचे.

आजोबांना स्लीप अ‍ॅप्निया आहे. या आजारात झोपेत घसा मिटतो आणि श्वास थांबतो. मग शरीर दचकून जागं होतं, श्वास घेतं, पुन्हा झोपतं, पुन्हा थांबतं. रात्रभर हेच. माणूस अंथरुणावर आठ तास असतो पण झोपलेला नसतो. हृदयावर त्याचा ताण येतो आणि आजोबांचं हृदय आधीच दुबळं झालं होतं. एकदा अलिबागच्या दवाखान्यात ठेवावंही लागलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला न घेता, आजोबांच्या समोरच इंग्रजीत सांगितलं की एखाद्या रात्री श्वास थांबेल तो परत सुरू होणार नाही. बातमी वाईट असली की डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलतात. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, हे त्यांना माहीत आहे. आजोबा पाटबंधारे खात्यात तीस वर्षं इंग्रजी टिपणं वाचत होते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

उपाय एकच होता. झोपताना नाकावर मास्क लावायचा, नळीने तो यंत्राला जोडायचा, आणि यंत्राने हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवायचा. यंत्र आणलं. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर घेतला. पहिला मास्क नाकतोंड दोन्ही झाकणारा होता. त्यात आजोबांना बुडाल्यासारखं व्हायचं आणि ते झोपेतच तो ओरबाडून टाकायचे. दुसरा नाकपुड्यांत बसणारा होता. त्यांच्या नाकाचं हाड वाकडं आहे, त्यामुळे आतली कातडी सोलून रक्त यायला लागलं. तिसरा मास्क घेऊन कंपनीचा माणूस मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरला आणि रिक्षाने आमच्याकडे आला. बोट लागल्यामुळे त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्याला आधी आल्याचा तुकडा दिला.

हा मास्क फक्त नाकावर बसणारा होता. वरची कड नाकाच्या हाडावर, खालची वरच्या ओठावर. मी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला होता. त्यावर त्याने पट्टे, नळी आणि सिलिकॉनची मऊ उशी मांडली, मग आजोबांना आडवं करून मास्क चढवला.

"काका, तोंड मिटा. नाकाने घ्या. कसं वाटतंय?"

"बोटीच्या पुढच्या टोकाला उभं राहिल्यासारखं."

"मग मजा आहे! मी आज तिथेच उभा होतो, मला विचारा."

आजोबा हसले, आणि ओठाजवळून फुस्स करून हवा सुटली. त्याने पट्टे आवळले. फुस्स. मास्क वर सरकवला, खाली सरकवला. शेवटी तो म्हणाला, "काका, एक बोलू? रागावू नका. मिशी आड येतेय. हवा तिथून पळते."

"कातरून बारीक केली तर?" मी विचारलं.

"खुंट तर आणखी वाईट, काकी. उशी गुळगुळीत कातडीवरच चिकटते. रोज दाढी करताना मिशीपण उडवायची, संपला विषय."

आजोबांनी मास्क काढून पंच्यावर ठेवला. "चहा घे आणि निघ," ते म्हणाले. "नाहीतर शेवटची बोट चुकेल." तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

आता तुम्हाला इथली रीत सांगायला हवी. आमच्या गावात वडील हयात असताना मुलगा मिशी काढत नाही. ती काढतात वडील गेल्यावर, दहाव्या दिवशी, डोक्याच्या केसांबरोबर. त्यामुळे कोणाचा वरचा ओठ मोकळा दिसला की बघणारा समजून जातो. मुंबईत माझ्या माहेरी हे कोणी पाळत नसे. आणि आजोबा सत्तरीचे असले तरी त्यांचे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, ओटीलगतच्या खोलीत खाटेवर बसलेले होते. नव्वदी ओलांडलेली, डोळ्यांनी जेमतेम उजेड-अंधार कळायचा, आणि आठवण भरतीओहोटीसारखी. सकाळी बहुतेक ठिकाणावर, दिवस चढेल तशी जाणारी.

"बाबा आहेत अजून," आजोबा मला म्हणाले.

"त्यांना दिसत नाही."

"गावाला दिसतं. मलाही दिसतं, आरशात."

"म्हणजे मिशी राखून मरायचं ठरवलंय तुम्ही."

"बघू."

"बघायला तुम्ही नसाल. मी असेन."

ते वाडीत पाणी लावायला निघून गेले. पुढचे काही दिवस आम्ही मिशीला व्हॅसलीन लावून पाहिलं, पट्टे इतके आवळले की गालांवर वळ उठले. यंत्र फुसफुसत राहिलं आणि आजोबा दिवसा पेंगत राहिले. मग एका दुपारी वाडीत, हातात पाण्याचा पाइप धरून उभे असताना ते झोपले आणि विहिरीच्या कठड्यावर पडले. आत नाही, बाहेरच्या बाजूला. भुवईवर खोक पडली. मी गेले तेव्हा पाइप तसाच वाहत होता आणि ते चिखलात बसून रक्ताकडे पाहत होते. "पाय घसरला," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं ठिकाणावर असण्याच्या वेळी, मी पणजोबांच्या खाटेशी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"मामा, तुम्ही सांगितलंत तरच ते ऐकतील."

"बोलव त्याला." आजोबा आले, तसं त्यांनी हात पुढे करून मुलाचं मनगट धरलं. "माज्या देखत तू गेलास तं मी कुनाच्या खांद्यावर जाव? काड ती मिशी. मी सांगतंय. बाय, तू साक्षीला हायस."

आजोबांनी त्यांच्या पायाला हात लावला आणि मोरीत जाऊन मिशी काढली. बाहेर आले तेव्हा वरचा ओठ उरलेल्या चेहऱ्याहून वेगळाच दिसत होता, फिकट, ओलसर, चिकटपट्टी उचलल्यावर खालची कातडी दिसते तसा. मला क्षणभर परका माणूस घरात आल्यासारखं वाटलं.

मास्क मात्र बसला. त्या रात्री यंत्राचा फक्त एकसारखा हलका आवाज होता. सकाळी ते स्वतःहून उठले, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आणि सरकारला, रस्त्यांना, पोह्यांतल्या मिठाला नावं ठेवली. मला फार बरं वाटलं. मग ते नेहमीप्रमाणे वडिलांचा चहा घेऊन आत गेले.

पणजोबांची एक सवय होती. चहा आणणाऱ्या मुलाच्या गालावर हात ठेवायचा आणि "आलास?" म्हणायचं. त्या दिवशी हात गालावरून ओठावर गेला आणि तिथेच राहिला.

"कोन गेला?"

"कोणी नाही, बाबा. तुम्हीच सांगितलंत काढायला. मास्कसाठी."

"मी? मी कवा?" ते बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपत होते. "बापाबिगर मिशी कोन काडतंय? मंग मीच गेलो."

"तुम्ही इथे बसलायत, बाबा. चहा घ्या."

त्यांनी कप चाचपडत खाली ठेवला. "मेलेल्याला चा कशाला देतंस?"

पहिल्या दिवशी आम्ही दोघंही थोडे हसलो, हे खरं आहे. मी त्यांना समजावलं, त्यांना पटलं, त्यांनी चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. मग पटेनासं झालं. ताट समोर ठेवलं की म्हणायचे, "माजा घास भायेर ठेव, बाय. कावळा शिवला का?" मी चमचा ओठांना लावायचे, ते तोंड घट्ट मिटून घ्यायचे. रागाने नाही, नियम पाळणाऱ्या माणसासारखे.

आम्ही ठरवलं की आजोबांनी काही दिवस त्यांच्यासमोर जायचं नाही. चहा मी न्यायला लागले. पणजोबांनी विचारलं, "पोरगा खं हाय?"

"अलिबागला गेलेत, मामा. पेन्शनच्या कामाला."

दुसऱ्या दिवशी मी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "न्हाय. त्यो गेला. तू सांगत न्हायस मला." आणि त्यांनी मोठ्याने रडायला सुरुवात केली. कोरड्या डोळ्यांनी, बायका दारात बसून रडतात तसं, मुलाच्या लहानपणचं एकेक आठवून. मुलगा दाराच्या मागे उभा होता. मी आजोबांना खुणेने थांबवलं, पण ते आत गेले आणि वडिलांचा हात स्वतःच उचलून आपल्या तोंडावर ठेवला.

पणजोबांचं रडणं थांबलं. बोटं ओठावरून फिरली.

"तू हायस," ते म्हणाले. "मंग मीच गेलो. बरं झालं."

त्यानंतर त्यांनी कुणाला काही विचारलं नाही.

आजोबांनी वस्तरा कपाटात टाकला. "वाढवतो परत. त्यांच्या हाताला लागली की जेवतील." मी म्हटलं, मिशी यायला महिना लागेल, तोवर मास्कचं काय? ते म्हणाले, "तू मास्कचं बघ, मी बाबांचं बघतो." खुंट आले आणि यंत्र पुन्हा फुसफुसायला लागलं. पणजोबा पाण्याचे काही घोट तेवढे घ्यायचे. डॉक्टरांनी घरी येऊन सलाईन लावलं आणि वयाकडे बोट दाखवलं. मिशी हाताला लागण्याइतकी होण्याआधीच, एका सकाळी, ते गेले. एवढं तुम्हाला कळवलं होतं.

आजोबांनी त्यांना खांदा दिला. वाटेत कोणी बदलायला आलं तरी सोडला नाही.

मला वाटलं होतं की आता निदान मिशीचा प्रश्न सुटला. पण सुतकात दहा दिवस वस्तरा लावायचा नसतो. आजोबांची थोरली बहीण पालीहून आली होती. मी तिला बाजूला घेऊन मास्कचं सांगितलं.

"वयनी, धा दिवस ओ फक्त," ती म्हणाली. "धा दिवसांत काय व्हतंय? बापाला शेवटचं तेवढंच द्यायचं असतंय." आजोबा ऐकत होते. ते वस्तऱ्याकडे गेले नाहीत.

चार दिवसांची दाढी वाढल्यावर मास्क नावालाच राहिला. त्या दुपारी ओटीवर चटई टाकून ते पडले होते. यंत्र चालू होतं आणि हवा गालांवरून बाहेर उडत होती. बहीण भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. मी स्वयंपाकघरात होते. तिचा आवाज आला तो ओरडण्याचाही नव्हता.

"वयनी, ह्यो श्वास घेत न्हाय."

मी धावत आले. छाती वर जायचा प्रयत्न करत होती पण आत काही जात नव्हतं. ओठ काळसर झाले होते. मला हे माहीत होतं, मी रात्रीमागून रात्री पाहिलेलं होतं. तिने पहिल्यांदाच पाहिलं. मी खांदा धरून हलवलं, पुन्हा हलवलं, आणि एक मोठी घरघर होऊन हवा आत गेली. आजोबांनी डोळे उघडले. "काय झालं?"

बहीण उठली. तांदूळ सगळे ओटीवर सांडले. ती मोरीत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि भावासमोर ठेवलं. "काड," म्हणाली. "आत्ताच काड. बापाचं मी बघतंय." कोणी काही बोललं तर तिने उत्तर द्यायचं, असं ठरलं. शेजारचे बोलले, तिने उत्तरंही दिली. ती काय होती ते मी इथे लिहीत नाही.

दाढी झाल्यावर मी मास्क लावला. तो बसला. आजोबा संध्याकाळपर्यंत झोपले, गडबड चालू असलेल्या त्या घरात, कुशीवरही न वळता. कित्येक दिवसांत त्यांना पहिल्यांदाच पुरती झोप मिळाली. वडील गेल्यापासून ते रडले नव्हते. इतके थकलेले होते की त्यांना कशाचंच काही कळत नव्हतं. जागे झाल्यावर त्यांनी चहा मागितला, पण घेतला नाही.

"शेवटच्या दिवसांत बाबांना वाटत होतं की आपण आधीच गेलोय," ते म्हणाले. "मग खरंच जाताना त्यांना काय वाटलं असेल?"

ते रडायला लागले. नाकावर, गालांवर मास्कचे लाल वळ होते आणि पाणी त्या वळांतून खाली येत होतं. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.