वाटल्या डाळीच्या शेजारचा सेल

आई मंगळवारी गेली. त्या सकाळी मी स्प्रेडशीटमधले सेल काढून टाकणाऱ्या एका साधनाची माहिती लिहीत होते. संध्याकाळी सगळे घाटावरून परत आल्यावर मी लॅपटॉप बंद केला.

हे साधन माणसांसाठी नाही, एआय एजंटांसाठी आहे. आपण तोंडी काम सांगावं आणि त्यांनी आपल्या वतीने फाइल उघडून ते उरकावं, असे हे प्रोग्राम. साधन कसं वापरायचं ते एजंट माझ्या मजकुरावरून ठरवतो. इतकं मन लावून वाचणारा वाचक मला आयुष्यात दुसरा मिळालेला नाही, आणि वाचलेल्याचं इतकं तंतोतंत ऐकणाराही.

तेरावं झाल्यावर मी तो मजकूर पुन्हा उघडला. कुठले सेल काढायचे ते साधनाला सांगायचं, आणि मोकळ्या जागेत शेजाऱ्यांनी कुठून यायचं तेही: एकतर खालचे वर सरकतात, नाहीतर उजवीकडचे डावीकडे. तिसरा पर्याय नाही. जागा रिकामी राहायला हवी असेल तर सेल काढायचा नसतो, नुसता पुसायचा असतो, आणि पुसण्याचं साधन वेगळं आहे. हे मी अगदी वरती, पहिल्याच वाक्यात लिहिलं. आमच्या प्रमुखांना ते आवडलं नाही. ते माझ्याहून बरेच लहान आहेत आणि मीटिंगमध्ये कॅमेरा कधी लावत नाहीत.

"दीदी, ये तो आप हमारे ही टूल से लोगों को भगा रही हैं," त्यांचा आवाज म्हणाला. "थोड़ा पॉज़िटिव लिखिए. और खाली सेल किसको अच्छे लगते हैं?"

रिकामी जागा आमच्या घरातही कुणाला बघवत नव्हती. आत्याने तेराव्याच्या आतच आईचं कपाट उघडून पाहिलं आणि म्हणाली, "हे असं ओकंबोकं ठेवू नये. तुझी पुस्तकं लाव इथे." झाशीच्या प्रेम नगरमधल्या आमच्या गल्लीतल्या बायका भेटायला आल्या, चहा घेतला आणि जाताना म्हणाल्या, "अब तो तुम ही घर की बड़ी हो." म्हणजे मला विचारल्याशिवाय मीही एक घर वर सरकले होते. मला एवढंच हवं होतं, की वर्ष होईपर्यंत आईच्या जागी कुणी बसू नये.

झाशीत मराठी घरं थोडी. काही पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, बाकीची रेल्वेने आणून सोडलेली. वर्षातून एकदा, गणपतीला, ती एका हॉलमध्ये जमतात आणि मुलांशी मराठीत बोलून बघतात. मुलं हिंदीत उत्तर देतात. या उत्सवाची एक शीट आहे. डावीकडे कामं, उजवीकडे नावं. विसर्जनाच्या दिवसासमोर पाच कामं असतात: वाटली डाळ, कागदी प्लेटा, पेटी, फुलं आणि आभारप्रदर्शन. वाटली डाळ आईची. भिजवलेली हरभऱ्याची डाळ ती पाट्यावरच वाटायची, मिक्सरला हात लावू द्यायची नाही. इकडची माणसं त्या डाळीला "वो पीली वाली सूखी दाल" म्हणत आणि शिष्टाचार म्हणून एक चमचा घेत.

यंदा मंडळाच्या सचिवकाकांनी शीट एजंटच्या हवाली केली. काका रेल्वेतून निवृत्त झाले आहेत आणि प्रत्येक नव्या गोष्टीचे पहिले प्रवासी असतात. त्यांनी त्याला सांगितलं, जो नहीं रहे, उनका नाम हटा दो. एजंटने आईच्या नावाचा सेल काढला आणि खालची सगळी नावं एकेक घर वर सरकवली. कामं मात्र जिथल्या तिथे राहिली. एजंटने आमचंच साधन वापरलं होतं की दुसऱ्या कुणाचं, हे मी विचारलं नाही. सगळी साधनं सारखीच वागतात.

बदललेलं काम बघून कुणीतरी काकांना फोन करेल असं कुणालाही वाटेल. पण आपल्या लोकांचं असं आहे, की विचारण्यापेक्षा रुसणं त्यांना सोपं जातं. वर्षानुवर्षं पेटी वाजवणारे निवृत्त गार्ड प्लेटांचा गठ्ठा घेऊन आले आणि तो टेबलावर आपटून मागच्या रांगेत, माझ्या शेजारी बसले.

"पेटी नाही आणली?" मी विचारलं.

"मंडळाला नको झाली असेल," ते समोर बघत म्हणाले. "आम्ही आता प्लेटांच्याच लायकीचे."

फुलांऐवजी पेटी वाट्याला आलेल्या सिव्हिल लाइन्समधल्या बाई व्हिडिओ बघून एक आरती शिकून आल्या होत्या. तिचं पहिलं कडवं त्यांनी चार वेळा वाजवलं आणि आम्ही ते चारही वेळा म्हटलं. बिजौलीच्या कारखान्यातला इंजिनिअर दरवर्षी प्लेटा आणायचा. त्याने यंदा वाट्याला आलेल्या डाळीचा निरोप हलवायाला "पिसी दाल" असा शब्दशः दिला, आणि हलवायाने तुपाने थबथबलेला मूगडाळीचा हलवा पाठवला. सचिवकाका स्वतः फुलांवर सरकले होते. आभाराच्या समोर कुणाचंच नाव उरलं नव्हतं, त्यामुळे आभार झाले नाहीत. त्याबद्दल मात्र कुणी रुसलं नाही.

हलवा बघता बघता संपला. आईची डाळ इतक्या लवकर कधी संपली नव्हती.

हॉल रिकामा होत असताना मी काकांना शीट उघडायला लावली.

"अगं, नाव हटवलं ना त्याने?" ते म्हणाले. "मग चूक कुठे आहे?"

"आईचं हटवलं, काका. पण बाकीच्यांना सरकवलं."

"तेवढं तर होणारच." त्यांनी चष्मा पुसला. "पण हलवा लोकांना आवडला बरं का. मी म्हणतो, डाळीची लाइनच काढून टाकू. नाही तर तुझं नाव टाकतो तिथे. तू आता मोठी झालीस घरातली."

"माझं टाकू नका. डाळही काढू नका."

"मग तिथे कोण?"

"कुणी नाही."

"बेटा, रिकामं बरं नाही दिसत."

"नसू दे दिसत," मी म्हटलं.

काकांनी शीट माझ्याकडे वळवली आणि हारातून गळलेली फुलं गोळा करायला गेले, कारण ते आता त्यांचं काम होतं. मी चारही नावं आपापल्या कामांसमोर परत लावली.

प्रमुखांना मी हा प्रसंग सांगितला. ते म्हणाले, "इंटरेस्टिंग यूज़ केस है, दीदी," आणि रिकाम्या जागेबद्दलचं माझं वाक्य ठेवायला राजी झाले. पहिलं म्हणून नाही, शेवटचं म्हणून.

ते वाक्य आता पानाच्या तळाशी टिपांमध्ये आहे. कपाटात पुस्तकं लावलेली नाहीत. शीटमध्ये विसर्जनाच्या दिवसासमोर वाटली डाळ लिहिलेली आहे, आणि तिच्या शेजारचा सेल रिकामा आहे.